टाकीवाल्याची भट्टी

गावात ज्याच्या घरावर पाण्याची टाकी आहे, त्याच्या तोंडी मिस्त्रींचं कौतुक आहे. शाळेची टाकी त्यांची, दवाखान्याची त्यांची, बाजारातली ती उंच, जिच्या सावलीत लोक गप्पा ठोकत बसतात, तीही त्यांचीच. एकीच्याही बुडाशी कधी ओल आली नाही. "मिस्त्रींच्या टाकीतून पाणी तर सोडाच, बातमीसुद्धा बाहेर पडत नाही," असं लोक म्हणायचे आणि हसायचे. मिस्त्रीणबाईंना मात्र हसू यायचं नाही. लोकांना काय, टाकी बांधून घेतली की संपलं. बाईंना त्या माणसाबरोबर संसार करायचा होता. टाकीचं बरं असतं, तोटी फिरवली की चार थेंब तरी येतात. ह्या माणसाला देवाने तोटीच बसवली नव्हती.

लग्न झाल्यापासून मिस्त्री जे काही बोलले, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि वर पत्त्यालाही जागा उरली असती. "वाढ", "सिमेंट आलं का" आणि "बघू". त्यातला "बघू" म्हणजे त्यांचं मोठं भाषण. घराला रंग काढायचा का? बघू. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं का? बघू. सासरी नांदणारी एकुलती एक लेक एके सकाळी बॅगा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाही ह्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग बॅगांकडे बघितलं आणि म्हणाले, "आलीस? पाय धू." झालं. पोरीचा संसार मोडला, त्यावर बापाचं म्हणणं एवढंच. त्यानंतर रस्त्यात कोणी विचारलं, "काय मिस्त्री, लेक आलीय म्हणे? किती दिवस मुक्काम?" की ह्यांचं उत्तर तयार, "बघू."

लेकीचं कागदावरचं नाव काहीही असो, घरात ती ठमी. ठमीच्या सासरी पावाची बेकरी होती. पीठ ठमीने मळायचं, भट्टी ठमीने पेटवायची, पाव ठमीने काढायचे. नवरा गल्ल्यावर बसायचा आणि तिथून सवड मिळाली की दुसऱ्याच बाईच्या घरी शेकायला जायचा. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, ठमीला शेवटी कळलं. त्या दिवशी तिने पाव भट्टीत घातले आणि काढायला थांबलीच नाही. त्या पावांचं पुढे काय झालं, हे तिने आजवर कोणाला विचारलेलं नाही.

आता तिला लांबच्या एका शहरात, एका मोठ्या बेकरीत जागा मिळाली होती. महिनाअखेर हजर व्हायचं. इतकं लांब की वर्षातून एकदा तोंड दिसलं तरी नशीब.  लेक आली तशी घरात कोणीतरी बोलायला लागलं होतं. ती पुन्हा गेली की राहिलं कोण? एक त्या आणि एक बघू.

"इथेच काढ की बेकरी," मिस्त्रीणबाई रात्री जेवताना म्हणाल्या. "गावात पाव येतो तो शिळा. दगड मारायचा झाला तर लोक पाव मारतात."

"भट्टी कुठाय?"

"बांधू."

"कोण बांधणार?"

दोघींनी एकदमच मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींचा घास हातात थांबला. "बघू," ते म्हणाले. पण सकाळी मिस्त्रीणबाई उठून बघतात तर परसातली अडगळ एका बाजूला लागलेली, झाडून-पुसून जागा मोकळी, आणि मिस्त्री सुतळी धरून मापं घेताहेत.

ठमीने आईला बाजूला घेतलं. "हे बघ, महिनाअखेर भट्टी पेटली आणि पाव निघाला तर राहते. नाहीतर मी चालले. आणि आई, मी इथे राहायला हवी आहे का, हे बाबांना एकदा विचार."

"हे काय विचारायचं असतं, वेडाबाई?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि विचारलं नाही. उत्तर काय येणार, हे त्यांना पाठ होतं.

आता भट्टीसाठी एक खास वीट असते, आगीला न भिणारी. मिस्त्री ती आणायला व्यापाऱ्याकडे गेले. व्यापारी म्हणाला, "मिळेल की. ट्रकभर घ्यावी लागेल."

"एका भट्टीपुरतीच हवीय."

"मग उरलेल्या टाकीला लावा!"

ह्या माणसाशी टाकी सोडून दुसरं काही बोलायची जगाला सवयच नव्हती. मिस्त्री हात हलवत परत आले. घरात होतं काय? साध्या विटा, सिमेंट, वाळू आणि भाऊजी.

भाऊजी म्हणजे मिस्त्रींचे धाकटे बंधू. देवाने दोघा भावांना मिळून बोलणं दिलं होतं आणि ते सगळं धाकट्याने घेतलं. कामधंद्याशी भाऊजींचं वाकडं, मोबाइलशी मात्र जीवाभावाचं नातं. दिवसभर व्हिडिओ बघायचे, त्यामुळे जगातला एकही विषय त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता.

"वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," ते आल्या आल्या म्हणाले. "मी डझनभर भट्ट्या बघितल्यात."

"कुठे हो?"

"मोबाइलवर."

मिस्त्रीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि चहा टाकला. भाऊजी आले की दुसरं करण्यासारखं काही नसतं.

मिस्त्रींनी भट्टी बांधली. काम देखणं, त्यात वाद नाही. पण हाताला वळण टाकीचं! कोपरे गोल केले, आतून सिमेंटचा गिलावा केला, तो घोटून घोटून असा गुळगुळीत केला की माशी बसली असती तर घसरून पडली असती. धूर जायला भोक ठेवायचं तर मिस्त्रींनी ठमीकडे असं बघितलं, जसं काही तिने त्यांना भर बाजारात धोतर सोडायला सांगितलंय. आयुष्यभर ज्या माणसाने भोकं बुजवली, त्याला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं होतं. शेवटी पाडलं, पण एवढंसं, लाजत लाजत. तोंडाला लोखंडी झाकण केलं, ते इतकं घट्ट बसायचं की उघडताना भाऊजींनाही कामाला लावावं लागे.

आणि मग सुरू झालं पाणी. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, वर ओली पोती. नव्या बांधकामाला पाणी द्यावंच लागतं, नाहीतर सिमेंट तापून तडकतं, हे बिगाऱ्यालाही कळतं. मिस्त्री हातात झारी घेऊन भट्टीभोवती फिरायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते मिस्त्रीणबाईंनी स्वतःच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"बाबा, हे सिमेंट जाळाला टिकेल?" ठमीने विचारलं.

"माझं काम आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या मानाने हा निबंधच झाला.

पहिला जाळ घालायचा म्हणून शेजारचे चार लोक जमले. फुकट पाव म्हटल्यावर माणसं जमतातच. भाऊजी मोबाइल धरून उभे. ठमीने लाकडं रचली, जाळ घातला. भट्टी जरा वेळ गप्प होती. मग आतून सूं सूं असा आवाज आला, किटली तापल्यासारखा. भाऊजी मोबाइलला सांगायला लागले, "ऐकताय ना मंडळी? भट्टी गातेय." तेवढ्यात भट्टीने सम गाठली. फट्! गिलाव्याचा एक टवका उडून थेट पाण्याच्या बादलीत. मग फाड्! मग तर लाह्या फुटाव्यात तसा गिलावा फुटायला लागला, आणि फुकट पावाचे धनी वाट फुटेल तिकडे पळाले. इतकी वर्षं मिस्त्रींच्या हातचं काही फुटलं नव्हतं, त्याची सगळी भरपाई एका दुपारात झाली. भाऊजींचा व्हिडिओ पुढे गावभर गाजला. त्यात थोडंसं आभाळ आहे, एक चप्पल आहे आणि "मेलो!" असा आवाज आहे.

बाजारात दुसऱ्या दिवसापासून मजाच. "मिस्त्री, टाकीत पाणी भरतात हो, जाळ नाही." मिस्त्रींनी मान खाली घालून सगळा मलबा उचलला. गिलाव्याचा एक तुकडा मात्र ते कितीतरी वेळ हातात उलटा-सुलटा करत बसले होते.

ठमी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "बाबा, आत ओल होती. तिची वाफ झाली आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, म्हणून फुटलं. टाकीला पाणी लागतं, भट्टीला पाणी चालत नाही. कळलं?"

मिस्त्रींनी मान हलवली. मिस्त्रीणबाईंनी ती हललेली मान स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. पण मान हलली म्हणजे गोष्ट आत उतरली असं नसतं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांना तरी कळायला हवं होतं.

दुसरी भट्टी ठमीने हातात घेतली. आता सिमेंटचं नावही काढायचं नाही, भट्टी मातीची. सासरची जुनी भट्टी दर वर्षी लिंपताना तिने कारागिरांच्या हाताखाली काम केलं होतं, तेवढ्या शिदोरीवर ती उभी राहिली. गावाबाहेर कोणाची तरी विहीर खणत होते, तिथून पिवळी चिकण माती आणली. वाळू होतीच. भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणल्या, त्या भट्टीच्या तळाखाली राखेत पुरायच्या, म्हणजे खालून ऊब जात नाही. सुताराकडून पोतंभर भुसा आणला, तो वरच्या थराच्या मातीत कालवायचा. राहिली फुटकी कौलं आणि कुंड्या. त्या गल्लीभर हिंडून गोळा केल्या आणि ठमी कुटायला बसली.

"ह्याचं काय करायचं?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"ह्याची भरड मातीत घालायची. म्हणजे माती जाळाला टिकते." ठमीचा हात चालूच होता. "एकदा भाजून निघालेलं पुन्हा आगीला भीत नाही, आई."

 मिस्त्रीणबाईंनीही एक कुंडी पुढ्यात ओढली आणि कुटायला घेतली.

भाऊजी होतेच. "ठमे, त्यात अंड्याचा बलक घाल. आणि साखरेचा पाक. आणि दूध."

"काका, भट्टी बांधायचीय, केक नाही करायचा."

"तुम्हा लोकांना ज्ञान फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही," भाऊजी म्हणाले आणि रागावून जेवायला थांबले.

मायलेकींनी पायांनी चिखल तुडवला. ओल्या वाळूचा घुमटासारखा ढीग केला, त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रं चिकटवली, वरून मातीचे गोळे लावत गेल्या. माती जरा धरली की आतली वाळू उकरून काढायची, झाली भट्टी पोकळ. मिस्त्रींना फक्त खालचा चौथरा दिला होता. तो त्यांनी असा सपाट बांधला की बघत राहावं. सपाट आहे की नाही, हे त्यांनी चौथऱ्यावर पाणी ओतूनच तपासलं. ठमी ओरडली, "बाबा! पाणी!" मिस्त्री दचकले आणि आपल्या हातातल्या तांब्याकडे असे बघायला लागले की जसा तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

त्या दिवशी ठमीने बापाला समोर बसवून सांगितलं. सिमेंट नाही. पाणी नाही. भट्टीला सावलीत, वाऱ्यावर, आपोआप वाळू द्यायची. कोणी काही करायचं नाही. मिस्त्रींनी पुन्हा मान हलवली.

आणि भट्टी काही वाळेना.

रोज सकाळी ठमी जाऊन हात लावायची आणि हाताला गार लागायचं. ऊन चांगलं होतं, वारा होता, शेजारणीची वाळवणं दिवसात कडकडीत होत होती, आणि ही बया ओलीच. एका बाजूने तर तिचं पोट सुटलं. पुढच्या आठवड्यात चौथऱ्याच्या कडेला हिरवं शेवाळ धरलं. भट्टीला शेवाळ! भाऊजी म्हणाले, हवेत दमटपणा आहे, जगभर हवामान बदलतंय, त्यांनी त्यावर एक व्हिडिओ बघितलाय. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "जगाचं हवामान बदललं आणि शेवाळ फक्त आमच्या परसात?" महिना संपत आला होता. ठमीने कपड्यांना इस्त्री करायला घेतली होती आणि मिस्त्रीणबाईंना त्या इस्त्रीचा अर्थ कळत होता. चिडून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, काहीतरी करा की!" मिस्त्री म्हणाले, "करतोय."

म्हणजे काय करत होते, ते दोन दिवसांनी उजेडात आलं. ठमीला पहाटेच जाग आली. परसाचं दार उघडून बघते तर बाबा झारी घेऊन भट्टीवर पाणी शिंपडताहेत. हळू हळू, सगळीकडून, कुठे कोरडं राहू नये अशा बेताने. वर ओलं पोतं. लोक उठायच्या आत ते पोतं उचलून कोळशाच्या डब्यामागे लपवायचं, असा रोजचा रिवाज चाललेला दिसत होता.

ठमी ओरडली नाही. तीही शेवटी त्यांचीच लेक. ती मागच्या मागे वळली.

मिस्त्रीणबाई उठल्या तेव्हा ठमी बॅगेची चेन लावत होती.

"अगं, आज कुठे? अजून दिवस आहेत ना?"

"आता थांबून काय करू?" ठमीचा आवाज कोरडा होता. सगळ्या घरात तेवढंच काय ते कोरडं राहिलं होतं. "रोज पहाटे बाबा भट्टीवर पाणी ओततात. मी आत्ता बघितलं. मी आलेली त्यांना नकोय, आई. तोंडाने सांगायचं धाडस नाही, म्हणून झारीने सांगतात."

 एवढं बोलून ठमी बाहेरच्या फाटकापाशी पोचलीसुद्धा. पहिली बस नाक्यावर यायची वेळ झाली होती.

मग मात्र मिस्त्रीणबाई तडक परसात गेल्या.  मिस्त्री नुकतंच पोतं लपवून, हात पुसत, साळसूदपणे उभे होते. मिस्त्रीणबाईंनी त्यांचा दंड धरला, झारीसकट, आणि ओढत फाटकापाशी आणलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला असं चारचौघांत ओढलं असेल. समोरचा किराणावाला दुकान उघडत होता, तो कुलूप हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हटलं ना, फुकट असलं की माणसं थांबतात.

"बोला," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी लेकीच्या बॅगेकडे बघितलं.

"बॅगेकडे बघू नका. तिच्याकडे बघून बोला. पाणी का घालत होता? पोरगी म्हणते, तुम्हाला ती घरात नकोय. हे खरं असेल तर तसं सांगा, मीही तिच्याबरोबर बसमध्ये बसते. मग तुम्ही आणि तुमच्या टाक्या, बघत बसा बघू!"

 झारीच्या तोटीतून उरलेलं पाणी मिस्त्रींच्याच पायावर ठिबकत होतं. नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. ठमीने बॅग उचलली.

"तडा जाईल म्हणून," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"ओलं काम असं उघडं टाकून मला झोप लागत नाही." एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा येत होता. "हातचं काम असलं की मी पाणी देतो. तडा जाऊ नये म्हणून. तू म्हणालीस नको. मी झोपायचो, पुन्हा उठायचो. वाटायचं, उन्हाने तडकली तर पोरगी म्हणेल, बापाला एक भट्टी धड सांभाळता आली नाही. म्हणून मग देत होतो. थोडंथोडंच."



"तू आलीस त्या दिवशीपण," मिस्त्री पुढे म्हणाले आणि ते पुढे काही म्हणताहेत, ह्याचंच मिस्त्रीणबाईंना नवल वाटलं. "तुझ्या तोंडाकडे बघितलं तर वाटलं, आता ह्याला बोट लावलं तर फुटेल. म्हणून काही विचारलं नाही. काय द्यायचं तुला, ते कळेना. मला पाणी देता येतं. दुसरं काही येत नाही मला, ठमे. जाऊ नकोस."

बस आली, उभी राहिली, कंडक्टरने "चला, चला" केलं आणि कोणी चढत नाही बघून गेली. ठमीने बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसून रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मिस्त्री बावरून बायकोकडे बघायला लागले, की आता काय करायचं? मिस्त्रीणबाईंच्या डोळ्यांनाही धार लागली होती, पण जीभ शाबूत होती. त्या म्हणाल्या, "आता राहू द्या. हिला पाणी द्यायची गरज नाही, हिचं आपोआप येतंय. ती झारी इकडे द्या."

झारी त्यांनी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

ठमीने त्या लांबच्या बेकरीला फोन करून थोडी मुदत मागितली. ती मिळाली की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि मिस्त्रीणबाईंनीही खोदून विचारलं नाही. भट्टीचं सुटलेलं पोट तिने खरवडून नव्याने लिंपलं. मग मिस्त्रींना त्यांच्या जन्मातलं सगळ्यात अवघड काम मिळालं, काहीच न करण्याचं. ते परसातल्या खुर्चीवर हात मांडीखाली घालून बसायचे. भट्टी रंग बदलत गेली. काळपट होती ती पिवळी झाली, मग कडेने पांढरी पडली. शेवाळ वाळून गळालं. ठमी रोज आत काटक्यांचा एवढासा जाळ करायची आणि विझू द्यायची, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त.

आणि एके सकाळी व्हायचं तेच झालं. भट्टीच्या तोंडापासून वरपर्यंत तडा गेला. चांगला नखभर रुंद.

मिस्त्री असे उभे राहिले की जसं घरातलं कोणीतरी गेलंय. "बुजवू का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"नको."

"नुसती माती भरतो. सिमेंट नाही. शप्पथ."

"बाबा, राहू दे. तापली की फुगते, निवली की आवळते. मातीच्या भट्टीला तडा जातोच. त्यातूनच तिला जागा मिळते, म्हणून ती फुटत नाही. आपल्या पहिलीला तडा गेला असता तर ती उडाली नसती."

"लोक बघतील."

"बघू देत की."

मिस्त्रींनी त्या तड्यावरून अंगठा फिरवला. खालपासून वरपर्यंत, आणि पुन्हा वरून खाली. मग ते आत गेले, आणि थापी, रंधा, ओळंबा सगळं धुऊन-पुसून पेटीत घालून ठेवलं.

पाव निघाला. पहिली खेप एका बाजूने करपली, दुसरी बरी, तिसरीला वासानेच गल्ली गोळा झाली. भाऊजींनी परीक्षा घ्यायची म्हणून इतके पाव खाल्ले की निकाल द्यायला त्यांच्या तोंडात जागा नव्हती. किराणावालाही आला. पाव घेतला, भट्टीकडे बघितलं आणि डोळे बारीक करून म्हणाला, "अरेच्चा! मिस्त्रींच्या कामाला तडा?"

 मिस्त्रीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आहे," मिस्त्री म्हणाले. "राहू दे."

किराणावाल्याला तेवढ्याने भागेना. "बरं, लेकीचा मुक्काम अजून किती दिवस?"

मिस्त्रीणबाईंना वाटलं, आता येणार बघू. मिस्त्रींनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुमची टाकी गळते का?" त्यांनी विचारलं.

"छे छे! नाही बुवा."

"मग माझ्या घरात डोकावू नका. घर तिचंय. ती राहील. पाव घेतलात ना? निघा."

किराणावाला निघाला. सुटे पैसे परत घ्यायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसल्या, आणि हसता हसता थोड्या रडल्या, आणि मग दोन्हींचा कंटाळा आला तेव्हा भांडी घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली ती शेजारचं अंथरूण रिकामं बघून. परसात पाण्याचा आवाज.  किल्ली चाचपली तर किल्ली कमरेलाच होती. म्हणजे ह्या माणसाने दुसरी झारी पैदा केली की काय? त्या तशाच धावत दाराशी गेल्या, ओरडायला तोंडही उघडलं होतं.

ठमी भट्टीत लाकडं सारत होती. तड्यातून उजेडाची एक लाल रेघ दिसत होती. मिस्त्री कोळशाच्या शेगडीवरच्या पातेल्यातलं उकळतं काहीतरी दोन पेल्यांत ओतत होते, अर्धं पेल्यात, अर्धं बाहेर. जन्मात त्यांनी कधी चहा केला नव्हता. एक पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, लेकीपर्यंत नेला.

ठमीने एक घोट घेतला. मिस्त्रीणबाईंना तिच्या तोंडावरूनच कळलं की चहात चहा नावाला नाही, सगळं पाणीच पाणी.

"कसा झालाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"छान झालाय, बाबा," ठमी म्हणाली, आणि पेला खाली ठेवला तो रिकामा करूनच.